कोणते चार? : संगणकाच्या भाषांतील संख्याप्रकारांची कथा

संगणकाची भाषा शिकू लागलेल्या विद्यार्थ्यास पहिल्या काही दिवसांतच एक साधे काम दिले जाते. चार विषयांचे गुण दिलेले आहेत : ७२, ६५, ८० आणि ५८. त्यांची सरासरी काढावयाची. बेरीज करावी व विषयांच्या संख्येने भागावे, एवढेच ते काम. प्राथमिक शाळेतील मूलही ते पाटीवर करते. विद्यार्थी जर हॅस्केल नावाची भाषा शिकत असेल, तर तो गुणांच्या यादीची बेरीज लिहितो, त्यापुढे भागाकाराचे चिन्ह देतो, आणि त्यापुढे यादीत किती नग आहेत हे सांगणारे 'लेंग्थ' हे फंक्शन लिहितो. कंपायलर हे वाक्य नाकारतो. उत्तर चुकीचे येते असे नव्हे. उत्तर काढण्यासच नकार मिळतो. बुचकळ्यात पडलेला विद्यार्थी 'लेंग्थ' खोडून तेथे ४ हा आकडा लिहितो, आणि तेच वाक्य बिनतक्रार चालून ६८.७५ हे उत्तर येते. यादीची लांबी तर चारच आहे. मग 'चार' चालतो आणि 'लांबी' चालत नाही, हा न्याय कोणता?

प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु पुष्कळ हुशार मुले नेमकी याच ठिकाणी अडखळून 'ही भाषा आपल्यासाठी नाही' असे ठरवतात, आणि त्यांना मिळणारे उत्तर बहुधा 'असेच लिहायचे असते' एवढेच असते. हा नकार कोणा एका लहरी माणसाने बसवलेला नियम नाही. त्यामागे काही दशकांचा वाद आहे, आणि तो वाद ठाऊक असला तर नियम पाठ करावा लागत नाही. तो इतिहास येथे मांडण्याचा आमचा हेतू आहे.

आरंभ संगणकाच्याही आधीचा आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे अलोन्झो चर्च या तर्कशास्त्रज्ञाने 'लॅम्डा कॅल्क्युलस' नावाची पद्धती मांडली. तिच्यात फंक्शनांवाचून दुसरे काहीच नाही, संख्यासुद्धा नाहीत. मग तीन ही संख्या मांडायची कशी? चर्च यांचे उत्तर असे की, दिलेली क्रिया तीन वेळा करणे म्हणजेच तीन. या पद्धतीत बेरीज व गुणाकार सहज जमले, परंतु एक वजा करणे काही केल्या जमेना. चर्च यांचे विद्यार्थी स्टीफन क्लेनी यांना त्याची युक्ती सुचली ती दंतवैद्याकडे गेले असता, असे त्यांनीच पुढे सांगून ठेवले आहे. चर्च यांच्या जगात संख्या एकाच प्रकारची होती. फंक्शनांचीच रचना करून आज्ञावली लिहिण्याची जी पद्धत पुढे 'फंक्शनल प्रोग्रॅमिंग' म्हणून नावारूपास आली, तिने हा वारसा मनात धरला; पण तिला चालायचे होते प्रत्यक्ष यंत्रावर, आणि यंत्रात संख्या एका प्रकारची नसते.

यंत्राची अडचण समजण्याजोगी आहे. संगणकाच्या स्मृतीत प्रत्येक संख्येस ठरावीक घरे मिळतात. पूर्णांक त्या घरांत जसाच्या तसा बसतो, मात्र घरे संपली की संख्याही संपते. अपूर्णांकासाठी निराळी व्यवस्था करावी लागते : काही घरांत अंक ठेवावयाचे आणि काही घरांत दशांशचिन्ह कोठे आहे याची खूण. हिला 'फ्लोटिंग पॉइंट' म्हणतात. तिच्यात फार मोठ्या व फार सूक्ष्म संख्या मावतात, पण नेमकेपणा जातो. यंत्र दोनाच्या पटीत मोजत असल्यामुळे आपला साधा ०.१ तेथे पुरता उतरतच नाही, ०.१ व ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. म्हणजे यंत्रातील पूर्णांक चार आणि फ्लोटिंग चार यांची किंमत एक असली तरी घडण वेगळी, आणि त्यांची बेरीज करणारी यंत्राज्ञाही वेगळी.

आमच्या वाचकांना ही गोष्ट परकी वाटू नये. हैदराबादच्या जुन्या घरांत हाली रुपया आणि कलदार रुपया यांतील भेद मुलांनाही ठाऊक असे. बडोद्यास बाबाशाही चाले; इंदूर-ग्वाल्हेरकडे होळकर व शिंदे यांच्या स्वतःच्या टांकसाळी होत्या; गोव्यात तर १९५८ साली एका रुपियास सहा एस्कुदो या दराने चलनच बदलले. दोन्ही नाण्यांना 'रुपया'च म्हणत, पण खातेवहीत 'शंभर रुपये' एवढेच लिहिणारा कारकून टिकला नसता. कोणते शंभर, हे लिहावे लागे. आणि हालीत कलदार मिळवावयाचे तर मध्ये सराफ लागे व बट्टा बसे. संगणकाच्या भाषांतील सारा वाद या सराफाचा आहे : तो पडद्याआड असावा की दुकान मांडून बसलेला असावा?

पहिल्या भाषांनी तो पडद्याआड ठेवला. १९५७ साली आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या चमूने केलेल्या फोरट्रान भाषेत नाव आय ते एन यांपैकी एखाद्या अक्षराने सुरू झाले की ती संख्या पूर्णांक, एरवी फ्लोटिंग. पूर्णांकास पूर्णांकाने भागले की अपूर्णांक गळून पडे. एकास दोनाने भागले तर उत्तर शून्य. कोणी तक्रार करीत नसे, कारण यंत्रही करीत नसे. (याच बॅकस यांनी १९७७ साली ट्यूरिंग पुरस्कार स्वीकारताना आपल्या भाषेच्या घराण्यावरच टीका करून फंक्शनल पद्धतीचा पुरस्कार केला. असा मनाचा मोठेपणा शास्त्रज्ञांतही विरळा.)

फंक्शनल घराण्याची आद्य भाषा लिस्प. ती जॉन मॅकार्थी यांनी १९५८ पासून एमआयटी संस्थेत घडवली. लिस्पची तोड अशी की, प्रत्येक संख्येच्या गळ्यात तिच्या प्रकाराची चिठ्ठी बांधावयाची आणि बेरजेच्या वेळी ती चिठ्ठी वाचावयाची. दोन्ही पूर्णांक असतील तर उत्तर पूर्णांक. एक जरी फ्लोटिंग असेल तर उत्तर फ्लोटिंग. या घराण्यात पुढे हवे तेवढे मोठे पूर्णांक आले. १९७५ साली जन्मलेल्या स्कीम या शाखेत तर एकास तीनाने भागले की उत्तर 'एक तृतीयांश' असेच, नेमके, येते. नवशिक्याला याहून सुखाची व्यवस्था नाही. मात्र तिची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते : प्रत्येक बेरजेस चिठ्ठी वाचण्याचा वेळ जातो, आणि चूक असलीच तर ती प्रोग्रॅम चालू असताना, कदाचित वापरणाऱ्याच्या हाती गेल्यावर, उघडकीस येते.

ही दुसरी गोष्ट ज्यांना सोसवत नव्हती त्यांत एडिंबराचे रॉबिन मिलनर हे प्रमुख. गणिती सिद्धता यंत्राकडून तपासून घेण्याच्या कामासाठी त्यांनी १९७० च्या दशकात एमएल ही भाषा केली. खोटी सिद्धता खरी म्हणून निसटून जाऊ नये, म्हणून प्रत्येक पदाचा प्रकार प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच तपासला गेला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. तरीही लेखकास प्रत्येक ठिकाणी प्रकार लिहावयास लावावयाचे नाही. कंपायलरने तो स्वतः ताडावा. १९७८ च्या त्यांच्या निबंधातील ही पद्धती आजही पायाभूत मानली जाते. तिचे मूळ तत्त्व रॉजर हिंडली यांना १९६९ मध्ये स्वतंत्रपणे सापडले होते.

या सुंदर व्यवस्थेत एक काटा राहिला, आणि आपल्या कथेचा मर्मबिंदू तोच आहे. यादी उलटी करणारे फंक्शन घ्या. यादी अंकांची असो, नावांची असो, त्यास फरक पडत नाही. म्हणून त्याचा प्रकार 'कोणत्याही प्रकारची यादी' असा निघतो. आता संख्येचा वर्ग करणारे फंक्शन घ्या : संख्येस तिनेच गुणावयाचे. याचा प्रकार काय? 'कोणताही' म्हणता येत नाही, कारण नावाला नावाने गुणता येत नाही. 'पूर्णांक' म्हणावे तर अपूर्णांकाचा वर्ग करण्यासाठी तेच वाक्य पुन्हा लिहावे लागते. हा भेद ख्रिस्तोफर स्ट्रेची या इंग्रज पंडिताने १९६७ सालीच कोपनहेगनच्या व्याख्यानांत दाखवून ठेवला होता : काही फंक्शने सर्व प्रकारांवर एकाच रीतीने चालतात, तर बेरीज-गुणाकारासारखी काही एकाच नावाखाली प्रत्येक प्रकारासाठी निराळे काम करतात. पहिल्यांची सोय मिलनर यांनी लावली. दुसऱ्यांचे घोंगडे भिजत राहिले.

ज्याने त्याने मग आपापली तडजोड केली. स्टँडर्ड एमएल ही भाषा बेरजेचे चिन्ह दोहोंसाठी ठेवते, पण वर्गाच्या फंक्शनात प्रकार सांगितला नाही तर पूर्णांक धरून चालते. फ्रान्समधील ओकॅमल भाषेने सरळ दोन चिन्हेच केली : पूर्णांकांस साधे अधिक, आणि फ्लोटिंगसाठी अधिकापुढे टिंब. पाहुण्यास ते टिंब विचित्र वाटते. आमच्या मते मात्र तो अगदी प्रामाणिक कारकुनाचा मार्ग आहे. इंग्लंडमध्ये डेव्हिड टर्नर यांनी १९८५ साली आणलेल्या मिरांडा भाषेने उलट टोक गाठले. तिच्यात संख्येचा एकच प्रकार, 'नम'. आत पूर्णांक व फ्लोटिंग दोन्ही नांदतात, आणि गरज पडेल तेव्हा पडद्याआडचा सराफ पालट करून देतो. आपल्या विद्यार्थ्याची सरासरी मिरांडात पहिल्याच झटक्यात निघाली असती.

१९८७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील पोर्टलंड येथे या क्षेत्रातील मंडळी एका परिषदेस जमली. तोवर एकसारख्याच डझनभर भाषा झाल्या होत्या. त्यांऐवजी सर्वांची मिळून एक करावी असे ठरले. तीच हॅस्केल. तिला हॅस्केल करी या तर्कशास्त्रज्ञाचे नाव दिले गेले. आपल्या पतीस स्वतःचे हे नाव कधीच आवडले नव्हते, असे त्यांच्या पत्नीने नामकरणानंतर समितीच्या सदस्यांस सांगितले. पहिला अहवाल १ एप्रिल १९९० रोजी निघाला.

समितीपुढे बेरजेच्या चिन्हाचा प्रश्न होताच. एका बैठकीनंतर जो फासेल यांनी फिलिप वॉडलर यांच्याशी बोलताना सुचवले की, चिन्हाचे हे अनेकरूपत्व फंक्शनाच्या प्रकारातच लिहिले जावे. फासेल यांच्या मनात काही निराळेच होते. वॉडलर यांचा गैरसमज झाला, आणि त्या गैरसमजातून 'टाइप क्लास' ही कल्पना जन्मास आली. वॉडलर यांनी ती १९८८ मध्ये समितीपुढे ठेवली, आणि १९८९ साली स्टीफन ब्लॉट यांच्यासह निबंधरूपाने प्रसिद्ध केली.

टाइप क्लासला आपण 'गण' म्हणू. ज्या प्रकारांत बेरीज, वजाबाकी व गुणाकार करता येतात त्यांचा एक गण, नाव 'नम'. त्यांतील ज्यांत सरळ भागाकार होतो त्यांचा पोटगण 'फ्रॅक्शनल'. ज्यांत भागाकार व बाकी असा हिशोब होतो त्यांचा 'इंटिग्रल'. आता वर्गाच्या फंक्शनाचा प्रकार निर्वेधपणे लिहिता येतो : 'नम गणातील कोणताही प्रकार घ्या, त्याच प्रकारचे उत्तर मिळेल.' हे चालते कसे, तेही मौजेचे आहे. अशा फंक्शनास संख्येबरोबर एक कोष्टक गुपचूप दिले जाते. या प्रकाराची बेरीज अशी करावी, गुणाकार असा करावा, हे त्यात असते. चिठ्ठी प्रत्येक संख्येच्या गळ्यात न बांधता कामाबरोबर एकदाच पाठवावयाची. ते कोष्टक निवडण्याचे काम कंपायलर आधीच उरकतो.

याच व्यवस्थेत आपल्या कोड्याची उकल आहे. हॅस्केलमध्ये लिहिलेला ४ हा आकडा पूर्णांकही नव्हे आणि अपूर्णांकही नव्हे. तो टांकसाळीत न गेलेली चांदी आहे. त्याचा प्रकार 'नम गणातील कोणताही' असा असतो, आणि शेजारी जे नाणे असेल त्या छापाचा तो होतो. भागाकाराशेजारी आला की तो फ्रॅक्शनल होतो. कोणीच काही सांगितले नाही, तर भाषेच्या नियमाने आधी अमर्याद पूर्णांकाचा आणि तो जुळत नसेल तर 'डबल' नावाच्या फ्लोटिंगचा छाप बसतो. 'लेंग्थ'मधून येणारे चार मात्र टांकसाळीतून निघालेले नाणे आहे. त्यावर 'इंट', म्हणजे ठरावीक घरांचा पूर्णांक, असा छाप पडलेला आहे, आणि इंट हा फ्रॅक्शनल गणात बसत नाही. कंपायलरचा तो रुक्ष संदेश, 'फ्रॅक्शनल गणात इंटचा दाखला नाही', नेमके हेच सांगत असतो. छाप पडलेले नाणे बदलावयाचे तर सराफाकडे जावे लागते. त्याचे नाव 'फ्रॉमइंटिग्रल'. 'लेंग्थ'पूर्वी ते लिहिले की पूर्णांकाचा पुन्हा 'हवा तो' प्रकार होतो, आणि सरासरी निघते.

मुद्दाम उघड्यावर सराफ बसवण्याचा हा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर सांगताना ४ जून १९९६ चा प्रसंग नेहमी सांगितला जातो. त्या दिवशी फ्रेंच गियानातील कुरू येथून युरोपचे एरियान ५ हे नवे रॉकेट प्रथमच उडाले आणि सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. दिशादर्शक यंत्रणेत आडव्या वेगाशी संबंधित एक ६४ घरांची फ्लोटिंग संख्या १६ घरांच्या पूर्णांकात घातली जात होती. अशा पूर्णांकात ३२,७६७ च्या पलीकडे काही मावत नाही. जुन्या एरियान ४ चा वेग तेवढा कधीच होत नसे, नव्याचा झाला. राखीव यंत्रणेतही तोच प्रोग्रॅम असल्याने तीही क्षणभर आधीच बंद पडली होती.

परंतु हा दाखला जितक्या सहजपणे दिला जातो तितका तो सरळ नाही, हे सांगितले पाहिजे. तो प्रोग्रॅम एडा भाषेतील होता. एडा ही फंक्शनल नसली तरी प्रकारांबाबत कडक आहे. तीही न सांगता पालट करीत नाही. म्हणजे सराफ उघड्यावरच बसला होता. चौकशीत असे दिसले की, धोक्याच्या सात पालटांपैकी चारांना संरक्षण दिले होते, आणि यंत्रावरचा भार वाढू नये म्हणून तीन जाणूनबुजून तसेच सोडले होते. पालट लिहिण्याची सक्ती एवढेच करते की, त्या जागी माणसाची नजर एकदा थांबते. त्या नजरेला काय दिसावे हे भाषा ठरवू शकत नाही.

हॅस्केलचा सराफ तर याहूनही बेफिकीर आहे. फ्रॉमइंटिग्रलला ३०० ही संख्या देऊन आठ घरांच्या धन पूर्णांकात मागितली, तर ४४ परत मिळतात. २५६ चा बट्टा बसला हे तो सांगत नाही. एडाने निदान संकटाची घंटा तरी वाजवली असती. गुपचूप पालट नको म्हणून एवढी तत्त्वे मांडणाऱ्या भाषेने पालट करणारे मुख्य फंक्शनच गुपचूप आकडे गाळणारे ठेवावे, हे आमच्या मते त्या अहवालातील खरे वैगुण्य आहे, आणि नवशिक्यास ते पहिल्याच दिवशी सांगावे. इंटचेही तसेच. २० पर्यंतच्या अंकांचा गुणाकार २४,३२,९०,२०,०८,१७,६६,४०,००० हा ६४ घरांत नीट बसतो. त्यास २१ ने गुणले की इंटमध्ये उणे ४२,४९,२९,००,४९,४१,९२,१४,८४८ असे उत्तर येते. धन संख्यांचा गुणाकार ऋण! तेच 'इंटिजर' हा अमर्याद प्रकार लिहिला असता तर उत्तर बरोबर आले असते. म्हणून शिकताना इंटिजर वापरावा आणि पैशाच्या हिशोबात फ्लोटिंग वापरू नये. पूर्ण पैशांत मोजावे, किंवा नेमके अपूर्णांक ठेवणारा 'रॅशनल' घ्यावा.

प्रकारांचा हा विचार पुढे आकड्याच्या घडणीवरून आकड्याच्या अर्थावर गेला. १९९९ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे मंगळाभोवती फिरावयास पाठवलेले यान नष्ट झाले, कारण एका गटाचा प्रोग्रॅम पौंडांच्या मापात आकडे देत होता आणि दुसऱ्याचा ते न्यूटनच्या मापात धरीत होता. दोन्ही आकडे यंत्राच्या दृष्टीने एकाच प्रकारचे, म्हणून कोणी हटकले नाही. मीटर व सेकंद यांसारखी मापे प्रकारातच लिहिण्याची रीत केंब्रिजचे अँड्र्यू केनेडी यांनी अभ्यासली, आणि ती मायक्रोसॉफ्टच्या एफ शार्प या फंक्शनल भाषेत उतरली. तिच्यात हाली आणि कलदार अशी दोन मापे घोषित केली, तर त्यांची बेरीज कंपायलर नाकारतो, मग आतले आकडे एकाच घडणीचे का असेनात.

मात्र त्याच एफ शार्पने २०२१ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीत थोडी माघार घेतली आहे. जेथे डबल हवा आहे हे आधीच ठरलेले असते, तेथे साधा पूर्णांक दिला तर आता तो आपोआप पालटून घेतला जातो. ३२ घरांचा पूर्णांक डबलमध्ये काही न गमावता मावतो, हे त्याचे समर्थन. हॅस्केल जागची हललेली नाही. तिच्यात 'जेनेरिकलेंग्थ' नावाचे दुसरे एक फंक्शन आहे. ते लांबी कोणत्याही संख्याप्रकारात देते, आणि ते वापरले तर सरासरीसाठी सराफाकडे जावेच लागत नाही. ते काहीसे मंद आहे, आणि नेहमीच्या संग्रहात नसल्याने 'डेटा लिस्ट' या वेगळ्या संग्रहातून मागवून घ्यावे लागते. चार विषयांच्या गुणांसाठी तेवढी मंदगती कोणास जाणवणार नाही.